कामठीची थंडी आणि मेकाँगचा मासा

२९ डिसेंबर २०१८च्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला. शहराच्या नोंदींतला तो नीचांक ठरला. त्या पहाटे मी कामठीजवळ, कन्हान नदीपलीकडच्या मामांच्या शेतात होतो. प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या त्यांच्या शेततळ्यात पंगास मासा होता, आणि थंडी वाढल्यापासून त्यानं दाण्याला तोंड लावलं नव्हतं.

पंगास मूळचा मेकाँग नदीच्या खोऱ्यातला. नव्वदच्या दशकात बांगलादेशमार्गे पश्चिम बंगालात आला, आंध्रात फोफावला आणि मग आपल्याकडेही पोचला. झपाट्यानं वाढतो, काटे कमी, शिवाय पाण्यावर येऊन हवा घेतो, म्हणून दाटीतही जगतो. शेतकऱ्याला आणखी काय हवं? पण हे सगळे गुण गरम पाण्यातले. २६ ते ३० अंशांत रमणारा हा मासा पाणी विसाच्या खाली गेलं की खाणं कमी करतो, आणि पंधराच्या आसपास त्याच्या जिवावर बेततं.

थर्मामीटर दोरीला बांधून तळ्यात सोडला. वर चौदा अंश. तळाशी तरी ऊब असेल या आशेनं दोरी आणखी सोडली, तर तिथंही चौदाच. रात्री वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली बसतं. पहाटेपर्यंत सगळं तळं एकसारखं थंड. चार अंशांपर्यंत पाण्याचा हाच स्वभाव. त्याखाली मात्र तो उलटतो, गार पाणी हलकं होऊन वर राहतं. म्हणून अमेरिकेच्या उत्तरेकडच्या तळ्यांवर बर्फ धरतो, तेव्हाही तळाशी चार अंशांचं पाणी टिकतं. अमेरिकेत स्ट्राइप्ड बास आणि व्हाइट बास यांच्या संकरातून काढलेला मासा पाळतात. तो चार अंशांच्या पाण्यातही हिवाळा काढतो, कारण त्याचे आईबापच थंडी सोसणाऱ्या जातींचे. आमच्या चौदा अंशांत त्याला काहीच झालं नसतं. पंगासला हे वारशातच मिळालेलं नाही.

काठावर एक मासा उलटा तरंगत होता. हातात घेतला. तोंडाच्या कडेला आणि पाठीवरच्या पराच्या मुळाशी कापसासारखा पांढरा पुंजका धरलेला. पंगासला खवले नसतात. उघड्या कातडीला ओरखडा गेला आणि थंडीनं प्रतिकारशक्ती मंदावली, की ही बुरशी लगेच धरते. उरलेला माल काढून विकावा असं मामांच्या मनात आलं, तसे तळ्यावरचे ढीमरकाका पुढे झाले. ‘‘भाऊ, जाळं नका टाकू. आता हात लावला त मासोळी गेलीच समजा.’’ त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. गारठलेल्या माशाला जाळ्याची घासाघीस सोसत नाही.

मग बोअर सुरू केली. जमिनीखालचं पाणी ऋतूबरोबर फारसं बदलत नाही. आमच्या भागात ते कडाक्याच्या थंडीतही हाताला कोमट लागतं. पाइपाच्या तोंडाशी वाफ दिसत होती. थोड्या वेळानं त्या कोपऱ्यात पाणी काळं दिसू लागलं. पंगास जमत होते, पाठीला पाठ लावून, हळूच वर येऊन हवा घेत. इतके दिवस सुन्न पडलेला जीव हलताना पाहून मला फार बरं वाटलं. दाणा मात्र काकांनी टाकू दिला नाही; न पचलेलं खाद्य पाणीच नासवतं. काही मासे दगावले, बरेच वाचले.

शेजारच्या तळ्यातल्या रोहू-कटल्यानंही खाणं सोडलं होतं, पण मेला एकही नाही. गंगेच्या खोऱ्यातले मासे ते, हिवाळा त्यांच्या अंगवळणी पडलेला. विदर्भात मासा निवडताना वाढीचे आकडे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो किती अंशांवर दाणा सोडतो हे क्वचितच कुणी सांगतं. माझ्या मते तोच पहिला प्रश्न हवा.

मामांनी पंगास सोडला नाही. उन्हाळा तोंडावर आला की मोठी बोटुकली सोडतात आणि कडाक्याची थंडी पडण्याआधी तळं रिकामं करतात. हिवाळ्यात मासा ठेवायचाच असेल तर थंडी सोसणारा कॉमन कार्प.