दाराजवळची जागा

अंबरनाथहून रोज मस्जिद बंदरला जाणाऱ्या माणसाला स्टेशनांची नावे पाठ असतात. मला स्टेशनांवरची शौचालयेही पाठ होती. चार वर्षे मी लोकलच्या दाराजवळच उभा राहिलो. वाऱ्यासाठी नव्हे, पोटात कळ आली की उतरता यावे म्हणून. जुम्मालाही तेच. खुतब्याआधी पोहोचूनही मी शेवटच्या सफमध्ये, दाराला लागून बसायचो. वुजू टिकेल की नाही, हीच धास्ती. पुढे जमाअतीला जाणेच सुटले. लोकांना वाटले, हा नमाजेत आळशी झाला. खरे कारण सांगायची लाज वाटायची.

रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळ्या तपासण्या झाल्या. दोष सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, "हा आयबीएस. आतड्याला जखम नाही, पण आतडे आणि मेंदू यांच्यातली निरोपानिरोपी बिघडली आहे." गोळ्यांनी चार दिवस बरे वाटायचे, मग पुन्हा पहिले पाढे. अम्मी म्हणाली, नजर लागली. ओळखीतल्या एकाने बाबाकडे नेले. त्याने 'करणी' सांगून ११ हजार रुपये घेतले. बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

शेवटी एका मनोविकारतज्ज्ञ बाईंनी संमोहन उपचार सुचवला. घरी सांगताच अम्मी संतापली. "एका बाबाच्या हातून सुटलास, आता दुसऱ्याकडे? ही जादूच. जादू हराम आहे." खरे तर माझ्याही मनात तेच होते. संमोहन म्हटले की झुलणारे घड्याळ आणि स्टेजवर कोंबड्यासारखा आरवणारा माणूस, एवढेच मला माहीत. मी अम्मीलाच बरोबर घेऊन गेलो.

डॉक्टरबाईंनी तिला विचारले, "मावशी, तस्बीह पढताना कुकरची शिट्टी कानावर आलीच नाही, असे कधी झालेय?"

"होते की. डाळ करपते."

"मन एका जागी लागले की बाकीचे मागे पडते. संमोहन म्हणजे ठरवून आणलेली तशीच एकाग्रता. तो बेशुद्ध होणार नाही, माझे बोलणे ऐकत राहील. नको वाटले तर डोळे उघडून उठेल."

"मग यात तुमची ताकद काय?"

"माझी काही नाही. मी फक्त वाट दाखवणार. चालायचे त्याने."

अम्मी गप्प झाली. परतताना रिक्षात म्हणाली, "त्या बाबाने मात्र सगळी ताकद आपलीच सांगितली होती." तरी तिने मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलेच. ते म्हणाले, "जिन्नांची मदत नाही, मंत्र नाही, जाणकार माणूस इलाज करतो, तर तो इलाजच. शिफा देणारा अल्लाह."

नंतर मी वाचू लागलो. 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यविशारदाने. त्याचे पुस्तक १८४३ चे. झोपेच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले, पण ही झोप नव्हे. आपल्या देशात, बंगालमधल्या हुगळीला, जेम्स एस्डेल या डॉक्टरने १८४५ पासून रुग्णांना अशाच अवस्थेत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. तेव्हा क्लोरोफॉर्म आलेले नव्हते. माझ्या आजाराबद्दल मँचेस्टरच्या डॉ. व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये ३० रुग्णांवर प्रयोग करून संमोहनाचा गुण दाखवला. वर्षभर औषधे घेऊनही आयबीएसचा त्रास हटला नाही, तर संमोहनाचा विचार करावा, असे इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शनात २००८ पासून आहे.

माझी १२ सत्रे झाली, आठवड्याला एक. खुर्चीत बसून डोळे मिटायचे, श्वास सावकाश करायचा, तळहात पोटावर ठेवून त्याची ऊब आत उतरते आहे असे मनात आणायचे. मग एखादी नदी डोळ्यांपुढे आणायला सांगत. आम्ही मूळचे महाडचे, मला सावित्रीच आठवली. आधी पावसाळ्यातली, गढूळ, काठ सोडलेली. हळूहळू ती दिवाळीच्या सुमाराची करायची, संथ, तळाचे दगड दिसणारी. घरी रोज इशाच्या नमाजेनंतर वीस मिनिटे हाच सराव.

पहिल्या चार आठवड्यांत काहीच झाले नाही. मला ते थोतांड वाटू लागले. सातव्या आठवड्यात एकदा दादर गेल्यावर लक्षात आले, आज ठाण्याला उतरायची आठवणच झाली नाही. आजार गेला असे म्हणणार नाही. आजही कधीतरी उतरावे लागते. पण कळ आली की पूर्वी जी भीती उसळायची आणि कळ वाढवायची, ती आता उसळत नाही.

दोन गोष्टी मात्र सांगतो. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, तर आधी तपासण्या, संमोहन नंतर. आणि ज्याला भास होतात, त्याने मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. 'मागचा जन्म दाखवतो', 'एका बैठकीत बरे करतो' म्हणणाऱ्यापासून दूरच राहावे.

गेल्या रमजान ईदला मी तिसऱ्या सफमध्ये, मधोमध उभा होतो. दोन्हीकडे खांद्याला खांदा. दुसऱ्या रकातीत पोटात हलकेच कळ आली. मी उभाच राहिलो. ती गेली.

घरी आलो तर अम्मीने विचारले, "कुठे उभा होतास?"

"मध्ये."

ती काही बोलली नाही. शीरखुर्म्याची वाटी पुढे केली. दुधाने त्रास होतो म्हणून अर्धीच भरलेली.