गोरोंगोसाचे अरण्य

आफ्रिकेतील वन्य पशूंचे नाव निघाले म्हणजे केनिया व टांझानिया येथील विख्यात वनेच प्रथम डोळ्यांपुढे उभी राहतात. मोझांबिक देशातील गोरोंगोसा हे नाव त्या मानाने अपरिचित. तथापि त्या देशाशी आपला संबंध जुना आहे. भारताकडे येत असता संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी १५४१-४२ मध्ये सुमारे सहा महिने मोझांबिक बेटावर रुग्णांच्या शुश्रूषेत घालविले. आणि १७५२ पर्यंत तेथील पोर्तुगीज मुलखाचा कारभार गोव्याहूनच चालत असे.

बेइरा बंदराच्या वायव्येस, आफ्रिकेला उभे चिरीत गेलेल्या महादरीच्या दक्षिण टोकाशी, सुमारे ४००० चौरस किलोमीटर प्रदेशावर हे अरण्य पसरले आहे. जवळच १८६३ मीटर उंचीचा गोरोंगोसा पर्वत. त्यावरून उतरणारे प्रवाह उरेमा सरोवराचे पोषण करतात. पावसाळ्यात सरोवर मैदानभर पसरते. पाणी ओसरले की तेथे कोवळे गवत उगवते आणि हरणांचे कळप चरावयास उतरतात. सभोवार पिवळ्या सालीच्या उंच बाभळी. पूर्वी मैदानात बांधलेली प्रवाशांची वसती पुरामुळे सोडून द्यावी लागली, तेव्हा सिंहांनीच तीत बिऱ्हाड थाटले! ती पडकी वास्तू ‘सिंहांचे घर’ म्हणून प्रसिद्ध आहे.

१९६० साली ह्या वनास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे १९७५ साली देश स्वतंत्र झाला. परंतु १९७७ पासून भाऊ भावावर उठला. मांसासाठी व हस्तिदंतासाठी पशूंची निर्घृण कत्तल झाली. १९७२ च्या मोजणीत येथे २५४२ हत्ती होते. २००० साली उरले अवघे २४२. आपल्याकडील हत्तिणींना बाहेर दिसणारे सुळे सहसा नसतात. आफ्रिकेत मात्र नर-मादी दोघांनाही असतात. सुळ्यांवर डोळा ठेवूनच गोळ्या झाडल्या गेल्याने जन्मतः सुळे नसलेल्या हत्तिणी अधिक वाचल्या. त्यांच्या अनेक लेकीही बिनसुळ्याच निपजल्या, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. मनुष्याच्या लोभाची खूण अशी पशूंच्या वंशात उमटली.

युद्ध थांबले ते रोम शहरात. संत एजिदियो ह्या कॅथलिक प्रापंचिकांच्या संघाने दोन्ही पक्षांना एकत्र बसविले. मध्यस्थांमध्ये बेइराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्व्हिस हेही होते. दोन वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी चालल्या, आणि १९९२ च्या ४ ऑक्टोबरला, असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, तहावर सह्या झाल्या.

२००४ पासून ह्या वनाच्या पुनरुज्जीवनास आरंभ झाला. आज पाणहरणांचीच संख्या पन्नास हजारांवर आहे; २०१८ साली रानकुत्रेही पुन्हा आणून सोडण्यात आले. परंतु केवळ पशू आणून वन उभे राहत नाही. पर्वतावरील गरीब शेतकरी मक्यासाठी झाडे तोडीत. झाडे गेली की झरे आटणार, आणि झरे आटले की सरोवरही. म्हणून तेथे देशी झाडांच्या सावलीत कॉफीची लागवड सुरू झाली. कॉफीला सावली हवी, म्हणून शेतकरी झाड राखतो. पिकाचे पैसे मिळतात, म्हणून त्याचे घर चालते. वनाचे रक्षण गरिबाच्या चुलीला विसरून होत नाही, हे तेथील लोकांनी नीट ओळखले.

वाचकहो, ४ ऑक्टोबर हा मोझांबिकमध्ये शांतिदिन म्हणून पाळला जातो. आपल्या देवळात त्या दिवशी संत फ्रान्सिसची प्रार्थना होईल, तेव्हा उरेमाच्या काठी पिलांना घेऊन निर्भयपणे पाण्यावर येऊ पाहणाऱ्या त्या बिनसुळ्यांच्या हत्तिणींचेही स्मरण असो.