अजून एक बुडी

माझा पुतण्या त्या दिवशी चौथ्यांदा पाण्याखाली गेला तो माझ्या सांगण्यावरून. हे मी बरीच वर्षं घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मांगेला मच्छीमार घरातला. वडील तांडेल होते. मी शिक्षक झालो, पण पाण्याविषयीचा अभिमान घरातूनच आला. पोहणं शिकवून येत नाही, ते रक्तात असावं लागतं, असं मी वर्गातही सांगायचो. सुटका पथकांचे गणवेश, सिलिंडर, प्रात्यक्षिकं पाहिली की मनात यायचं, ही पुस्तकी माणसं, आमच्या पोरांपुढे काय टिकणार!

१३ जानेवारी २०१८ ला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटली. तीन मुली गेल्या. बाकीच्यांना वाचवायला तटरक्षक दल आलं, आणि आपले मच्छीमारही होड्या घेऊन धावले. त्या घटनेतून मी माझ्या सोयीचं तेवढं उचललं. बघा, शेवटी धावली ती आमचीच माणसं. वाचलेली मुलं पाण्यावर होती आणि पाण्यावरचा माणूस उचलण्यात मच्छीमाराचा हात कुणी धरणार नाही, हे खरंच आहे. पण पाण्याखाली गेलेल्याला शोधणं हे निराळंच काम आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग तलासरी तालुक्यातल्या एका धरणावर एक तरुण बुडाला. आम्ही पोचलो तेव्हा तासभर उलटून गेला होता. काठावर त्याची आई बसली होती. पुतण्या माझ्याबरोबर होता, बावीस वर्षांचा, समुद्रात वाढलेला. मी त्याला म्हटलं, "जा रे, बघ."

समुद्र आणि धरण यांत फरक असतो. गोड्या पाण्यात अंग जड होतं. तळाशी गाळ, बुडालेल्या झाडांचे बुंधे, तिथे वीतभर पुढचंही दिसत नाही. तीन वेळा तो रिकामा वर आला. दर वेळी काठावर थांबून भराभर मोठे श्वास घ्यायचा, म्हणजे दम जास्त टिकेल. मीच त्याला म्हणत होतो, "भरपूर हवा घे." तिसऱ्या खेपेला त्याचे ओठ काळपट दिसले. तो माझ्याकडे बघत राहिला. मला त्याची नजर कळली होती. तरी मी म्हणालो, "अजून एक बुडी."

चौथ्या वेळी तो वर येताना मला दिसला. आधी केस, मग कपाळ. पृष्ठभागाला दोन हात उरले असतील आणि तो थांबला. धडपड नाही, खोकला नाही, हात वर करणं नाही. शांतपणे मान टाकून तो परत खाली जायला लागला. मला वाटलं, दम घेतोय. पाण्याखाली कुणी दम घेत नाही, एवढंही त्या क्षणी सुचलं नाही. ट्यूबवर बसून मासे धरणाऱ्या एका वारली मुलानं त्याला केसाला धरून ओढलं. काठावर आणल्यावर तो श्वास घेऊ लागला, आणि मी त्याचे पाय चोळत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुटका पथक आलं. त्यांच्या प्रमुखाला कालचा प्रकार कुणीतरी सांगितला होता. त्यानं मला समजावलं: श्वास घ्यायची ओढ प्राणवायू संपल्यामुळे लागत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे लागते. भराभर श्वास घेतले की तो वायू निघून जातो आणि धोक्याची घंटा वाजतच नाही. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, प्राणवायू एकदम घसरतो आणि शुद्ध जाते. चांगल्या पोहणाऱ्यांचं असं होतं, कारण तेच जास्त ताणतात.

"तुम्ही पाठवलंत का त्याला?" त्यानं विचारलं.

"नाही, तो स्वतःच गेला," मी म्हणालो.

पुतण्या शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही.

त्यानंतर मी त्यांचं काम पाहिलं. आधी पाण्यात कुणीच उतरलं नाही. बुडताना पाहिलेल्या दोघांना काठावर वेगवेगळ्या जागी उभं केलं, शेवटचं कुठं दिसला ते बोटानं दाखवायला सांगितलं. दोन्ही रेषा जिथे मिळाल्या तिथून शोध सुरू झाला. एक माणूस पाण्यात, एक दोरीवर, एक तयारीनिशी काठावर बसलेला, पाण्यातल्याला काही झालं तर उतरण्यासाठी. खाली डोळ्यांचा उपयोग नव्हता, पाणबुड्या गाळावर हात फिरवत पुढं सरकत होता. दोरीला बसणाऱ्या हिसक्यांवरून वरचा माणूस त्याच्याशी बोलत होता. दर दहा मीटरला वातावरणाच्या दाबाएवढा दाब वाढतो, सिलिंडर पाठीवर असला तरी वर हळूहळूच यावं लागतं, हेही त्या प्रमुखानंच सांगितलं. पाऊण तासात मृतदेह मिळाला. माझ्या पुतण्यानं बुड्या मारल्या होत्या ती जागाच चुकीची होती.

शिकलेली माणसंही मरतात. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरा नदीत शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची (एसडीआरएफ) बोट उलटली आणि तीन जवान गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडला सावित्री नदीत वाहून गेलेल्या एसटी गाड्या शोधायला नौदलाच्या पाणबुड्यांनाही आठवड्याहून जास्त वेळ लागला. पाणी इतकं अवघड आहे, आणि मी एका बावीस वर्षांच्या पोराला नुसत्या छातीवर त्यात लोटलं होतं. त्याच्या धाडसाचा मला अभिमान होता, म्हणून ते खर्च करायला मला काहीच वाटलं नाही.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) आपल्याकडची बटालियन पुणे जिल्ह्यात सुदुंबऱ्याला आहे. तिथून तलासरीला पोचेपर्यंत किती वेळ जाईल याचा हिशेब करा. म्हणून हे शिक्षण इथल्याच मांगेला, माच्छी, वारली पोरांना मिळायला हवं, असं मी आता जिथे बोलावतील तिथे सांगतो. पोहणं त्यांना येतंच. दोरीवर काम करणं, दाब समजणं, आणि केव्हा उतरायचं नाही ते ठरवणं त्यांना शिकवा.

गेल्या वर्षी मी पुतण्यासमोर आणि वहिनीसमोर खरं सांगितलं.

तुमच्या गावच्या बंधाऱ्यावर कुणी बुडताना दिसलं तर बांबू, ट्यूब, दोर, जे हाताशी असेल ते टाका आणि ११२ ला फोन लावा. तो पाण्याखाली गेला असेल तर शेवटचं दिसल्याच्या दिशेची खूण काठावर दगडानं करा. आणि कुणी काठावरून "अजून एक बुडी मार" म्हणत असेल, तर त्याला तिथून बाजूला न्या.