भिंतीचा रंग आणि आईचे डोळे

घराला रंग देणे हे आमच्यासारख्या पगारदाराच्या संसारात वारंवार निघणारे काम नव्हे. त्यामुळे रंग निवडताना घरातील प्रत्येकाला मत असते. आमच्या दोन खोल्यांसाठी अखेर दोन छटा उरल्या. दोन्ही बिस्किटीच; एकीत पिवळसर झाक, दुसरीत राखाडी. मंडळींना पहिली हवी होती, मुलीला दुसरी.

आम्ही पडलो हिशेबाची माणसे. दोन्ही रंगांचे लहान डबे आणले आणि प्रत्येक खोलीत दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवले. सुकल्यावर सकाळी, संध्याकाळी आणि रात्री पाहिले. पश्चिमेच्या खोलीत पिवळसर छटा मावळतीच्या उन्हात हळदीसारखी भडक होई. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन नाही. तेथे राखाडी छटा मळकट दिसे. रात्री 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली ती अधिकच थंड वाटे, तर 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली दोन्ही छटा जवळजवळ सारख्या. शेजारच्या रंगामुळेही रंग बदललेला भासतो, हे फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1839 सालीच ग्रंथ लिहून मांडले होते. म्हणून लाद्या आणि दारे यांच्याजवळही चौकोन काढले. निकाल सोपा झाला : उत्तरेला पिवळसर, पश्चिमेला राखाडी. मायलेकींचा वाद मिटला.

परंतु आईला दोन्ही चौकोन एकच दिसत होते. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग पिवळसर व धूसर होते, फिक्या छटांतील फरक कळेनासा होतो. ती म्हणाली, "रंग कोणताबी लावा बाबा, पण रात्री बटण सापडू द्या." तेव्हा आमच्या ध्यानात आले की बिस्किटी भिंतीवरचा पांढुरका स्विचबोर्ड तिच्या दृष्टीने नाहीसाच होणार. रात्री मोरीकडे जाताना ती भिंत चाचपत जाते. या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याची भीती.

मग बोर्डाभोवती गडद तपकिरी पट्टा काढला, चौकटीही त्याच रंगाने रंगवल्या. खर्च एका लहान डब्याचा.

वाचकहो, आपल्या घरी रंगकाम निघाले तर छटेचा वाद जरूर घाला. मात्र त्याआधी घरातील वडीलधाऱ्या माणसाला संध्याकाळी भिंतीजवळ उभे करून विचारा : दार कुठे दिसते? बटण कुठे दिसते?