खात नावाचं स्टेशन

गाडीने भंडारा रोड सोडलं आणि थोड्या वेळाने 'खात' अशी पाटी आली. आमची साडेचार वर्षांची चिमी नुकतीच अक्षरं जुळवायला लागली आहे. तिने ती पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "हे स्टेशन काय खात?" डब्यातली माणसं हसली. आईने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला आणि सकाळी सात वाजताच आमची शिदोरी उघडली.

आम्ही पाच जण आंधळगावहून नागपूरला निघालो होतो: आई, बाबा, मी, बायको आणि चिमी. कुठे जायचं ते चिमीने ठरवलं, म्हणजे तिला छोटी आगगाडी बघायची होती. बाकीचा बेत तिच्या भुकेवर आणि दुपारच्या झोपेवर बांधला. एका वेळी अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त चालायचं नाही, असंही ठरलं. कागदावर उतरवल्यावर कळलं, की हेच वेळापत्रक आईच्या गुडघ्यांनाही बरोबर बसतं.

बाबांना नागपूर नवं नाही. चाळीस वर्षं त्यांनी खड्डामागावर कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणला आणि विणलेलं कापड गाठोड्यात बांधून याच गाडीने नेलं. इतवारी स्टेशन, व्यापाऱ्याची पेढी, हिशेब आणि संध्याकाळची परतीची गाडी, एवढंच त्यांचं नागपूर. त्या दिवशी गाठोडं नव्हतं, तर सारखे मांडीवरचे हात उचलून पुन्हा ठेवत होते.

मोहाडी तालुक्यातलं आमचं गाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकवायचं काम मुख्यतः ढिवर समाजाचं आणि विणायचं काम कोष्ट्यांचं. कोष उकळून बायका त्याचा तार काढायच्या, तोही मांडीवर वळून. करवतकाठी साडीच्या काठाला करवतीसारखे दाते असतात. ते काढायला एक धोटा पुरत नाही, तीन लागतात: दोन्ही काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. प्रत्येक फेरीत काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. एक अडकवणी चुकली तर दाता बोथट होतो आणि बाबांना ते दुरूनही दिसतं. गावाच्या नावात आंधळं असलं तरी विणकराला तसं असून चालत नाही.

तारसा, चाचेर, सालवा मागे पडली, कन्हान नदी आली. बंगाल-नागपूर रेल्वेच्या आधी, १८८०च्या सुमारास, नागपूरहून छत्तीसगडकडे मीटरगेज लोहमार्ग टाकला गेला आणि पुढे तो रुंद झाला. त्याआधी कापड बैलगाडीने जायचं. रेल्वेने आमचा कोसा नागपूरला नेला, आणि तिकडून गिरणीचं स्वस्त सुती कापड आमच्याकडे आणलं. गावाने दोन्ही वेळा गाडीचं स्वागतच केलं असेल.

इतवारीचं आताचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी आहे. आमच्या तोंडी इतवारीच. फलाटावर उतरताच बाबांचे पाय सवयीने बाजाराकडे वळले. चिमीने बोट धरून त्यांना उलट्या बाजूला ओढलं.

मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ला सुरू झालं. रुळांतलं अंतर अडीच फूट, इंजिनं जणू घरात मावतील अशी. आईला मात्र त्यात खेळणं दिसलं नाही. तिचं माहेर नागभीडकडचं, लग्नानंतरची कित्येक वर्षं ती असल्याच डब्यातून माहेरी गेली. तो मार्ग २०१९मध्ये बंद झाला. एका डब्याच्या लाकडी बाकावर ती बसली आणि म्हणाली, "याच्यातून उतरून, शेण्या गोळा करून पुन्हा चढता यायचं." ही अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

तिथून कडबी चौकात मेट्रो. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला आईने साफ नकार दिला, म्हणून आम्ही सगळे लिफ्टने गेलो. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आम्ही. चिमीने चार बोटं मोजून दाखवली. झिरो माइलला उतरलो. दगडी खांबाजवळचे चार घोडे बघून ती खूश. घोड्यांना पळता का येत नाही, या प्रश्नावर बाबा म्हणाले, "इंग्रजानं बांधून ठेवले." खांब आणि त्याजवळची १९०७ची खूण इंग्रजांच्या मोजणीची आहे. बाबा फार चुकले नाहीत.

जवळच अजब बंगला. नाव मध्यवर्ती संग्रहालय, स्थापना १८६३. त्याच्या दहाएक वर्षं आधीच भोसल्यांचं राज्य खालसा झालं होतं आणि दरबाराबरोबर भारी लुगडी-पागोटी घेणारं मोठं गिऱ्हाईकही गेलं होतं. चिमीने पेंढा भरलेले प्राणी बघितले, आणि एक वाजता, ठरल्याप्रमाणे, माझ्या खांद्यावर झोपली. आम्ही झाडाखाली बसलो. तिखट तर्रीचे पोहे आम्हाला, बिनतर्रीचे तिच्यासाठी बांधून.

ती उठल्यावर गांधीसागर तलावावर गेलो. जमशेटजी टाटांनी याच भागातली पाणथळ जमीन घेऊन एम्प्रेस मिल उभी केली. १ जानेवारी १८७७ला गिरणी सुरू झाली, त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून हे नाव. एका सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला होता; हा माणूस दलदलीत सोनं पुरतोय, असं तो म्हणाल्याची गोष्ट आजही सांगतात. गिरणीने सोनं काढलं आणि सुताचे हातमाग गावोगाव बंद पाडले. मग २००२मध्ये गिरणीही बंद पडली. आज तिथे मॉल आहे.

बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "तिले सूत जमलं, कोसा नाई जमला. म्हणून आपण उरलो." मग माझ्याकडे बघितलं. मी मागावर बसलो नाही, भंडाऱ्यात नोकरी करतो. त्यावर ते कधी बोलत नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. चिमीला पाण्यात बदक दिसलं आणि विषय तिथे संपला.

परतीच्या गाडीत संत्राबर्फीचा पुडा आईच्या मांडीवर होता आणि चिमीचं डोकं बाबांच्या. "एवढ्या वर्षांत नागपूर पाह्यलंच नव्हतं," असं ते दोनदा म्हणाले, तेही तिची झोप मोडू नये म्हणून हळू. सीताबर्डीचा किल्ला राहून गेला. १८१७च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली ती त्या टेकडीवर. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, सामान्यांसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. मे महिन्याच्या उन्हाला आईने नकार दिला, ऑगस्टात धानाची रोवणी उरकायची असते. २६ जानेवारी ठरली आहे.