न सांगितलेली गोष्ट

अमेरिकेच्या मानवी अंतराळप्रवासाच्या आरंभकाळाचा विचार मनात आला, की उड्डाणसमयीच्या ज्वाळांपेक्षा किंवा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील मिरवणुकीपेक्षाही २० फेब्रुवारी १९६२ रोजी केप कॅनाव्हरलच्या नियंत्रण कक्षात झालेली मसलत मला अधिक अस्वस्थ करते. जॉन ग्लेन ‘फ्रेंडशिप ७’ या अत्यंत अरुंद यानात बसून पृथ्वीची दुसरी प्रदक्षिणा घालीत असता त्याच्या यानाचे उष्णतारोधक कवच सैल झाल्याची इशारत खाली मिळाली. आणि ती खरी असती, तर वातावरणात पुन्हा शिरताना यान आणि यात्री दोघेही भस्मसात व्हावयाचे. कवचावर पट्ट्यांनी आवळलेला परतीच्या अग्निबाणांचा संच एरवी काम होताच टाकून द्यावयाचा असे. तो तसाच ठेवल्यास त्याचे पट्टे कवचालाही धरून ठेवतील, असे वरिष्ठांनी ठरविले. ग्लेनला हुकूम मिळाला; कारण मात्र, त्याने विचारूनही, त्या क्षणी सांगण्यात आले नाही. ते कळले अगदी अखेरीस, नियंत्रण कक्षातील सहकारी अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्डच्या तोंडून. लवकरच जळते तुकडे खिडकीवरून वाहत जाताना ग्लेनने पाहिले. ते त्या संचाचे होते. पण आपले कवचच तुटत असेल काय, या शंकेसह त्याला यान सावरावे लागले.

इशारत खोटी होती. एका सदोष बटणाने ती दिली होती. खालच्या अधिकाऱ्यांना मी निष्ठुर म्हणणार नाही, कारण अपुऱ्या माहितीवर दुसऱ्याच्या प्राणांचा निवाडा करणे किती दुःसह असते, हे कोणीही जाणू शकेल. तरीही दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात लढाऊ विमाने चालविलेल्या माणसापासून त्याच्याच मृत्यूची शक्यता लपविणे मला मान्य होत नाही. जानेवारी १९६१ मध्ये हॅम नावाच्या चिंपांझीला वर धाडले, तेव्हा त्याने केवळ शिकविल्याप्रमाणे दांडे ओढावयाचे होते. माणूस पाठवावयाचा तो विचार करण्यासाठी, आणि विचाराला वस्तुस्थितीचे ज्ञान हवेच. वैमानिकाला सर्व काही सांगितले पाहिजे, असे ग्लेननेही परतल्यावर स्पष्ट बजावले.

मे १९६३ मध्ये गॉर्डन कूपरच्या २२ प्रदक्षिणांच्या उड्डाणाअखेर स्वयंचलित यंत्रणा बंद पडली आणि यान हातांनीच उतरविणे त्याला भाग पडले. त्या वेळी जपाननजीकच्या जहाजावरून त्याला प्रत्येक पायरी समजावून देणारा आणि अग्निबाण पेटविण्याच्या क्षणापर्यंत उलटे आकडे मोजणारा सहकारी जॉन ग्लेनच होता.