नकाराची साठ पाने

माझ्या टेबलाच्या खणात, तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, साठ पत्त्यांचा एक जोड रबरबँड लावून ठेवलेला आहे. त्यातली एकोणसाठ पाने छापील आहेत. साठावे मी स्वतः तयार केले आहे : पुरवणीच्या कोऱ्या कागदाचा कापलेला तुकडा, त्यावर निळ्या शाईत माझ्या अक्षरात 'काउंटरस्पेल', आणि तो एका निरुपयोगी पत्त्यावर ठेवून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलेला. मराठीच्या प्राध्यापिकेच्या खणात ही वस्तू काय करते आहे, असा प्रश्न एका सहकाऱ्यांनी विचारला होता. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता जरा सविस्तर उत्तर देते.

लहानपणी आम्ही मेंढीकोट खेळलो, पाच-तीन-दोन खेळलो, बदाम सात खेळलो. या सगळ्या खेळांत एक गोष्ट गृहीत असते : पाने सर्वांची सारखी, ती पिसली जातात, आणि वाट्याला येईल ते हातात घेऊन माणसाने आपली अक्कल चालवायची. 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळात हे गृहीतच उलटते. येथे प्रत्येक खेळाडू आपला जोड घरून बांधून आणतो. जोडात किमान साठ पाने हवीत; साध्या जमिनीची पाने सोडली तर एका नावाची चारांहून अधिक चालत नाहीत; आणि आजवर छापल्या गेलेल्या वीस हजारांहून अधिक निरनिराळ्या पानांतून ही साठ निवडायची असतात. पिसल्यानंतर काय हाती येईल ते नशीब खरेच, पण त्या नशिबाचा मसुदा आपणच लिहिलेला असतो. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने हा खेळ रचला आणि 1993 साली तो अमेरिकेत बाजारात आला. हे गृहस्थ त्या सुमारास महाविद्यालयात गणित शिकवत, हे कळल्यावर माझा या खेळाविषयीचा आकस थोडा कमी झाला, हे कबूल केले पाहिजे.

आकस होताच. चिरंजीव अकरावीत असताना न्यू जर्सीहून आलेल्या त्याच्या मामेभावाने बुटांचे एक खोके भरून पत्ते आणले आणि जाताना येथेच सोडून गेला. तिकडे म्हणे ही 'कॉमन' पाने कोणी मोजतही नाही. पाकीट फोडायचे, एखादे दुर्मिळ पान काढून घ्यायचे आणि बाकीची रद्दी. त्या रद्दीवर आमच्या घरचा विज्ञान शाखेचा अभ्यास ओसरला. मी खोके दोनदा माळ्यावर टाकले, दोनदा ते खाली आले. नंतर बारावीच्या ऐन मध्यावर त्याने जाहीर केले की आपण अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा देणार नाही, चित्रकलेकडे जाणार. मी नाही म्हणाले. त्यापुढचे चार महिने आमच्यात 'जेवायला ये' आणि 'नको' एवढाच संवाद उरला होता. एका रविवारी, दुसरे काहीच सुचेना म्हणून, मी त्याच्यासमोर बसले आणि म्हटले, मला हा खेळ शिकव.

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग विचारले, "कसलं डेक हवंय तुला?"

डेकच्या जाती असतात हे मला तेव्हा कळले. ढोबळ मानाने सांगायचे तर एक जात धावून अंगावर येणारी : स्वस्त, चपळ प्राणी मैदानात उतरवायचे आणि समोरच्याचे 20 लाइफ शक्य तितक्या लवकर शून्यावर आणायचे. दुसरी जात दोन-तीन विशिष्ट पाने जुळवून एकदम चमत्कार घडवणारी. आणि तिसरी 'कंट्रोल'. ही काही करत नाही. समोरच्याला करू देत नाही. तो जे उतरवेल ते हाणून पाडायचे किंवा मारायचे, दरम्यान त्याच्याहून जास्त पाने ओढत राहायचे, आणि त्याचा हात रिकामा झाला की सावकाश एखादा मोठा प्राणी आणून डाव संपवायचा. ब्रायन वाइसमन या खेळाडूने नव्वदच्या दशकात अशा जोडाचा पाया घातला. ज्याच्याकडे एकूण पाने अधिक तो अखेरीस जिंकतो, हा विचार त्याच्या जोडामुळे रूढ झाला. मी अर्थातच ही तिसरी जात निवडली. चिरंजीव म्हणाले, "वाटलंच होतं."

आता खर्चाचा भाग. नामांकित खेळाडूंच्या कंट्रोल डेकची यादी पाहिली आणि हबकले. दोन रंगांचा माना देणारी आणि तरीही मैदानात आल्याबरोबर वापरता येणारी जमिनीची जी दहा पाने 1993 मध्ये छापली गेली, त्यांतल्या एकेकाची किंमत आज शेकडो डॉलर आहे. कारण साहित्याच्या माणसाला चटकन समजेल असे आहे. 1995 साली कंपनीने जुनी पाने मोठ्या प्रमाणावर पुन्हा छापली, तेव्हा संग्राहक संतापले. 1996 मध्ये कंपनीने एक यादी जाहीर करून त्यातली पाने पुन्हा न छापण्याचे वचन दिले. म्हणजे पानावर जे लिहिले आहे ते कोणीही वाचू शकतो, पाठ करू शकतो. पण ते खेळण्याचा हक्क पहिल्या आवृत्तीच्या मालकाला. एखाद्या कवितेच्या बाबतीत असे कोणी केले असते तर आपण मोर्चा काढला असता. (काढला असता का, हा प्रश्नच आहे, पण परिसंवाद नक्कीच झाला असता.)

यावर खेळाडूंनीच काढलेला तोडगा म्हणजे 'पॉपर', कफल्लकांचा प्रकार. कधी ना कधी 'कॉमन' म्हणून निघालेली पानेच यात चालतात. संगणकावर तो आधीपासून खेळला जात होता. 2019 मध्ये कागदी खेळासाठीही त्याला कंपनीची अधिकृत मान्यता मिळाली. बुटांच्या खोक्यातली रद्दी एकाएकी ग्रंथालय झाली.

जोड बांधायला मला तीन आठवडे लागले, आणि खरे सांगायचे तर पुढच्या डावांपेक्षा हे तीन आठवडे मला अधिक आठवतात. पहिल्या निवडीत 83 पाने जमली. साठांहून अधिक पाने ठेवायला नियमाची हरकत नाही. हरकत गणिताची आहे. चार प्रतींचे एखादे पान साठांच्या जोडात पहिल्या सात पानांत येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते. जोड वाढवला की ती घसरते. म्हणजे प्रत्येक चांगले पान आत घेताना आपण त्याहून चांगल्या पानाला थोडे दूर लोटतो. निवडक कवितांचे संपादन ज्यांनी केले आहे त्यांना हे दुःख माहीत आहे. काढावे लागणारे कोणतेच वाईट नसते.

मी निळा आणि काळा हे दोन रंग घेतले. निळ्यात नकार आणि ज्ञान, काळ्यात मृत्यू. 'काउंटरस्पेल' : दोन निळे माना द्या, समोरच्याचा कोणताही मंत्र रद्द. या पानावरचा मजकूर एका ओळीचा आहे आणि सूत्रवाङ्मयात शोभेल इतका नेमका. खोक्यात त्याची तीनच पाने होती. चौथ्याची हकीकत वर आलीच आहे. 'चेनर्स इडिक्ट' : समोरच्याने आपला एक प्राणी स्वतः निवडून बळी द्यायचा. 'मलड्रिफ्टर' हा उडणारा मासा : पाच माना दिले तर दोन पाने ओढून देतो आणि मैदानात राहतो, तीन दिले तर पाने देऊन लगेच मरतो. पण माझ्या मनात भरले ते 'अॅक्युम्युलेटेड नॉलेज'. पहिल्यांदा खेळाल तेव्हा एक पान मिळते, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा तीन, कारण वापरून झालेल्या पानांच्या ढिगात, त्याला ते लोक स्मशान म्हणतात, त्याची किती भावंडे पडली आहेत ते ते मोजते. डाव संपवायला 'गरमॅग अँगलर' हा पाच ताकदीचा राक्षसी मासा दोन प्रती. याला उतरवण्याचा खर्च स्मशानातली पाने कायमची हद्दपार करून भागवता येतो. हद्दपार करताना 'नॉलेज' तेवढे वगळायचे, हे मी दोनदा विसरले आणि दोन्ही वेळा समोरून काहीही टिप्पणी झाली नाही. ती न होणे अधिक लागले.

स्वस्त जोडाची खरी किंमत मात्र जमिनीत कळली. 'डिस्मल बॅकवॉटर'सारखे पान निळा किंवा काळा, हवा तो माना देते, वर एक लाइफही देते. पण मैदानात येते ते आडवे होऊन, म्हणजे त्या टर्नला निरुपयोगी. श्रीमंताची जमीन उभी येते, आमची आडवी. दुसऱ्या टर्नला हातात 'काउंटरस्पेल' असावे, समोर दोन जमिनी असाव्यात, आणि त्यांतली एक अजून झोपलेली असल्याने समोरच्याचा प्राणी मुकाट्याने उतरताना पाहावा, हा अनुभव मी वारंवार घेतला. कफल्लक माणूस त्याच गावाला पोहोचतो, पण पुढच्या एसटीने.

चिरंजीवांचे डेक लाल. छोटे गॉब्लिन आणि 'लायटनिंग बोल्ट' : एक माना, थेट तीनचा घाव. असे सात घाव लागले की 20 लाइफ संपले. पहिले अकरा डाव मी हरले. मी येईल तो गॉब्लिन रद्द करत होते, आणि माझे नकार संपले की खरा घाव येत होता. अकराव्या डावानंतर तो म्हणाला, "आई, तू सगळ्यालाच काउंटर करतेस." हे तो पत्त्यांविषयीच बोलत होता. मी चहा करायला उठले.

बाराव्या डावापासून मी थोडे सोसायला शिकले. एका ताकदीचा गॉब्लिन दोन-तीन वेळा लागला तर लागू द्यायचा. वीस लाइफपैकी एकोणीस हे खर्चासाठीच असतात, कामाचे असते ते शेवटचे. नकार राखून ठेवायचा आणि राखून ठेवला आहे हे चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही. मी जिंकू लागले. आम्ही रात्री जेवणानंतर दोन डाव खेळू लागलो आणि डावांच्या कडेकडेने इतर वाक्ये येऊ लागली. रंग कोणते वापरतात, कुठल्या संस्थेत काय शिकवतात, फी किती.

त्यानेच मला एक निबंध वाचायला दिला : माइक फ्लोरेस याचा 1999 सालचा 'हूज द बीटडाउन?' पत्त्यांवरच्या या लेखनाला मी समीक्षा म्हणायला तयार आहे. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : दोन जोड समोरासमोर आले की एकाची भूमिका चढाईची आणि दुसऱ्याची आवरण्याची ठरते, ती जोडाच्या नावावरून ठरत नाही, समोर कोण आहे यावरून ठरते, आणि आपली भूमिका ओळखण्यात जो चुकतो तो बहुधा हरतो. मी हे वाचले, समासात खुणा केल्या, आणि पुढच्याच आठवड्यात त्याचे धडधडीत उदाहरण झाले.

त्या डावात माझे 6 लाइफ होते, त्याचे 13. त्याचा हात पूर्ण रिकामा, मैदानात एकेक ताकदीचे दोन गॉब्लिन. माझ्यापाशी अँगलर, उडणारा मलड्रिफ्टर आणि हातात एक 'काउंटरस्पेल'. मी मलड्रिफ्टरने दर टर्नला दोनचा घाव घालत राहिले आणि अँगलरला गॉब्लिनांसमोर पहाऱ्याला उभे केले. सुरक्षित वाटत होते. तो दर टर्नला एक पान ओढत होता. माझ्याकडे येत होत्या त्या नुसत्या जमिनी. पहिला बोल्ट मी रद्द केला. दुसरा लागला. सहाव्या टर्नला तिसरा आला. त्याचे लाइफ तेव्हा 1 होते.

त्याने पाने गोळा केली नाहीत. डाव मागे नेऊन मांडला आणि दाखवले : दोघांनी मिळून चढाई केली असती तर दोन टर्नमध्ये 14. त्याने गॉब्लिन एकेक करून अँगलरच्या तोंडी दिले असते, तरी चार. "तू जिंकली होतीस," तो म्हणाला. "तुला फक्त ते पटत नव्हतं." आवाजात विजयाचा सूर नव्हता, अडलेल्या विद्यार्थ्याला समजावताना माझा जो लागतो तसा होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या अर्जावर पालक म्हणून मी सही केली. डावामुळे केली असे म्हणणे खोटे ठरेल. फीचा हिशेब मी त्याआधीच दोनदा मांडून पाहिला होता. पण तो मांडलेला कागद इतके दिवस मीही उत्तरपत्रिकांखालीच ठेवला होता.

तो आता दुसऱ्या शहरात शिकतो. लाल डेक त्याच्याबरोबर गेले, खोके येथे राहिले. गेल्या महिन्यात त्याचा निरोप आला : हातात नकार फार साठतात तुझ्या, एक काउंटरस्पेल काढ आणि तिसरा अँगलर घाल. मी उलट लिहिले की चार काउंटरस्पेलांशिवाय कंट्रोल डेक कसले. त्यावर अजून उत्तर नाही. रात्री खोके उपसून पाहिले. तिसरा अँगलर त्यात नाही. पुरवण्यांचे कागद मात्र आहेत.